आधी माग, मग कात्री

डिझायनर कपड्यांची चर्चा बहुधा शिवणीचा घाट, भरतकाम आणि रंगसंगती यांभोवती फिरते; परंतु कोणता कपडा अंगावर सुळसुळीत पडेल, कोणता ताठ उभा राहील आणि कोणता दहा वर्षे वापरूनही देखणा दिसेल, हे कात्री लागण्यापूर्वीच, म्हणजे कापड मागावर असतानाच बव्हंशी ठरलेले असते. पुण्यात या गोष्टीचा प्रत्यय सहज येतो. रविवार पेठेतील ठोक कापडबाजार आणि लक्ष्मी रस्त्यावरील साड्यांची दुकाने यांच्या जोडीला शहरात लहानमोठी बुटीक उभी राहिली असून पैठणीचे जाकीट, खणाचे परकर-पोलके, इरकलीचा कुर्ता आणि टसरचा दुपट्टा यांना तेथे मोठी मागणी असते. ही कापडे डिझायनरांना का आवडतात, त्यांच्याकडून काय साधता येते आणि काय साधता येत नाही, हे समजून घेतल्यास ग्राहकाची निवड डोळस होते आणि विणकराच्या कष्टांनाही योग्य मोल मिळते.

कापडाचा स्वभाव तंतू, सूत, वीण आणि अखेरचे संस्करण या चार गोष्टींवर अवलंबून असतो. कापूस आणि लोकर यांचे तंतू आखूड असल्यामुळे ते पिळून सूत काढावे लागते, तर रेशमाच्या एका कोशातून शेकडो मीटर लांबीचा अखंड धागा उकलता येतो. शिवाय तुतीच्या रेशमाचा तंतू आडव्या छेदात त्रिकोणासारखा असल्याने त्याच्या पृष्ठभागांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि त्यालाच आपण रेशमाची झळाळी म्हणतो. सुताला दिलेला पीळही तितकाच महत्त्वाचा असतो. रेशमाला भरपूर पीळ दिला की पोत बारीक खरबरीत होऊन जॉर्जेट आणि क्रेप यांसारखी लवचीक, अंगासरशी पडणारी कापडे तयार होतात. उलट रेशमावरील नैसर्गिक डिंक धुऊन न काढता पातळ कापड विणले की ऑर्गन्झा मिळते, आणि त्याचा ताठपणा फुगीर बाह्यांना व घेराला उपयोगी पडतो. मागावर उभ्या ताणलेल्या धाग्यांना ताणा आणि धोट्यातून आडव्या जाणाऱ्या धाग्याला बाणा म्हणतात. हे दोन्ही धागे सरळ दिशेने फारसे ताणले जात नाहीत, मात्र कापड तिरके म्हणजे उरेब कापले की त्यात लवचीकता येते. त्यामुळे एकाच कापडाचे सरळ व उरेब कापलेले दोन झगे अंगावर अगदी निराळे दिसतात.

महाराष्ट्रातील कापडांत पैठणीचा मान पहिला. गोदावरीकाठचे पैठण, म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, हे तिचे मूळ गाव. पुढे नाशिक जिल्ह्यातील येवला हे तिचे मोठे केंद्र झाले आणि पेशवाईच्या काळात पुण्यातील दरबारी व घरंदाज मागणीने या विणकामाला आधार दिला. पैठणीच्या पदरावरील नक्षी भरतकामाची नसते किंवा धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेऊनही ती उमटत नाही. प्रत्येक रंगाचे रेशीम स्वतंत्र कांडीवर घेऊन विणकर ते नक्षीच्या त्या भागापुरतेच हाताने ताण्यातून फिरवतो आणि शेजारच्या रंगात गुंतवतो. यामुळे जरीच्या पार्श्वभूमीवरील मोर, पोपट, कमळ किंवा आसावलीची वेल मीनाकारीसारखी उठून दिसते आणि कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी जवळजवळ सारखीच उमटते. अंगाचा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा ठेवल्यास धूपछाव साधते, म्हणजे कापड हलले की रंग बदलल्याचा भास होतो. साध्या पदराच्या पैठणीला काही आठवडे, तर भरगच्च पदराच्या पैठणीला कित्येक महिने लागू शकतात.

एवढ्या कष्टाने विणलेल्या कापडावर कात्री चालवताना डिझायनरचा खरा कस लागतो. जरीमुळे पदर जड आणि काहीसा ताठ असतो, म्हणून तो चुण्यांच्या झग्यापेक्षा जाकीट, बंद गळ्याचा कोट किंवा सरळ घडीचा दुपट्टा यांना अधिक शोभतो. कापलेल्या कडेवर धागे सुटू नयेत म्हणून तिथे भक्कम शिलाई आणि आतून मऊ अस्तर लागते. आणि मोराच्या मधोमध शिवण येणार नाही अशी बेतणी आधीच करावी लागते. जुनी, विरलेली पैठणी नव्या रूपात वापरात आणणे हे चांगले काम आहे, मात्र धडधाकट पैठणी केवळ हौसेपोटी फाडण्यापूर्वी तिच्या मागचे श्रम ध्यानात घेतले पाहिजेत.

मराठी घरांत ओटी भरण्याशी आणि नऊवारीवरच्या चोळीशी जोडलेला खण मुख्यतः आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्याच्या गुळेदगुड्ड येथे विणला जातो. सीमेपलीकडे विणल्या जाणाऱ्या या कापडाला महाराष्ट्राने इतके आपलेसे केले आहे की त्याच्याशिवाय हळदीकुंकू अपुरे वाटते. खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी असतो. तो मुळात चोळीसाठी विणला जात असल्याने त्याची नक्षी बारीक, दाट आणि जवळून पाहण्याजोगी असते. रथ, हत्तीची पावले, तुळस, रुद्राक्ष असे तिचे विषय आहेत. अलीकडे खणाच्या साड्या, परकर, जाकिटे आणि पिशव्या लोकप्रिय झाल्या असल्या, तरी कमी पन्ह्यामुळे मोठ्या कपड्यात जोड द्यावे लागतात, आणि कुशल डिझायनर हे जोड लपवत न बसता काठ जोडावर आणून त्यांचीच शोभा करतो. खणासह भारतीय हातमागाच्या अनेक कापडांवर काम करणाऱ्या डिझायनर वैशाली शडांगुळे यांनी २०२१ मध्ये पॅरिसच्या हॉट कुटूर सप्ताहात आपला संग्रह सादर केला, आणि चोळीचे कापड म्हणून दुय्यम मानली गेलेली ही वीण जगातील सर्वांत काटेकोर शिवणकामाच्या पंक्तीत बसू शकते हे दिसून आले.

बागलकोट जिल्ह्यातीलच इलकल येथे विणली जाणारी इरकल साडी रचनेच्या दृष्टीने आणखी वेगळी आहे. तिच्या अंगाचा आणि पदराचा ताणा निरनिराळा तयार करून दोन्हींचे धागे फासाफासाने एकमेकांत अडकवले जातात, आणि या पद्धतीला टोपे-तेणी म्हणतात. पदराचे लाल रेशीम त्यामुळे पदरापुरतेच लागते, मात्र हे जोडकाम प्रत्येक साडीसाठी नव्याने करावे लागते. म्हणून इरकलीचा कुर्ता बेतताना या सांध्यावर ताण येणार नाही, हे पाहावे लागते.

विदर्भातील करवतकाठी साडीचे सौंदर्य झगमगाटात नसून पोतात आहे. भंडारा आणि गडचिरोली भागातील ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून टसर, म्हणजे कोसा रेशीम मिळते. त्याचा तंतू चपटा व काहीसा असमान असतो आणि रंग मुळातच मधासारखा असतो, त्यामुळे त्याची चमक मंद आणि पोत किंचित खडबडीत राहतो. काठावरील दातेरी नक्षीसाठी काठाचा आणि अंगाचा बाणा वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवला जातो. उन्हाळी समारंभासाठी सैल, साध्या घाटाचे कपडे शिवणाऱ्या डिझायनरांना टसर आवडण्याचे कारण हेच की त्यावर फारसे काही करावे लागत नाही.

छत्रपती संभाजीनगरचे हिमरू हे सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणाचे कापड आहे. त्यात नक्षीसाठी जादा बाणा वापरतात आणि त्याचे धागे उलट बाजूला सैल राहत असल्याने ते ऊबदार होते, म्हणून शेरवानी, जाकीट आणि शाल यांना ते साजते. अगदी दुसऱ्या टोकाला धनगरांची घोंगडी आहे. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीपासून खड्डामागावर विणलेल्या आणि चिंचोक्याची खळ दिलेल्या या कापडाला कोवळ्या त्वचेजवळ जागा नसली, तरी कोट, बंडी आणि पिशवी यांसाठी लागणारा ठामपणा त्यात असतो, आणि पुण्याच्या परिसरातील माळरानांवर कळपांमागे फिरणाऱ्या मेंढपाळांशी त्याचा जिवंत संबंध आहे.

पुण्याने कापडाकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून कधीच पाहिले नाही. १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास विनायक दामोदर सावरकर यांच्या पुढाकाराने आणि लोकमान्य टिळकांच्या उपस्थितीत येथे विदेशी कापडांची होळी झाली. पुणे जिल्ह्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना हुतात्मा झाले. खादीला आलेले नैतिक मोल याच इतिहासातून आले असून हाताने कातलेल्या सुताची किंचित असमानता, हवेशीरपणा आणि धुण्यागणिक वाढणारा मऊपणा यांमुळे ती आज डिझायनरांच्या आवडत्या कापडांत मोडते. रुची घडवण्यात रंगभूमीचाही वाटा आहे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांत बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांसाठी वापरलेली उंची वस्त्रे आणि ती नेसण्याची त्यांची रीत महाराष्ट्रातील कित्येक स्त्रियांनी उचलली, आणि वेषभूषेचा मार्गदर्शक म्हणून एका नटाकडे पाहिले गेले.

आजची मोठी अडचण नकलेची आहे. पैठणीचा मोर किंवा खणाची नक्षी पॉलिएस्टरवर छापता येते, यंत्रमागावर तिची नक्कल काढता येते, आणि तीच वस्तू हातमागाची म्हणून विकली गेली की विणकराची मजुरी आणि ग्राहकाचा विश्वास दोन्ही बुडतात. यंत्रमागाचे कापड वाईट असते असे मुळीच नाही. स्वस्त आणि टिकाऊ कपड्याची गरज ते भागवते. आक्षेप आहे तो ओळख लपवण्याला. पैठणीच्या पदराची उलट बाजू पाहावी: हाताने विणलेल्या नक्षीत तिथे कापलेल्या किंवा लोंबत्या धाग्यांचा पुंजका आढळत नाही. कडेचा एखादा धागा काढून जाळला असता रेशमाला जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते, सूत कागदासारखे जळते, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क ही चिन्हे उपलब्ध आहेत, आणि पैठणीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे; ही चिन्हे मागून पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

पुण्यात सिंबायोसिस आणि एमआयटी यांसारख्या संस्थांमधून फॅशन डिझाइनचे शिक्षण घेणारे विद्यार्थी दरवर्षी या व्यवसायात उतरतात. त्यांनी संगणकावर नमुना आखण्यापूर्वी येवल्याच्या किंवा गुळेदगुड्डच्या मागाशेजारी बसून पन्हा, पीळ आणि काठ यांची मर्यादा हाताने अनुभवली, तर कापडाशी झगडणारे कपडे कमी होतील. तसेच ज्याप्रमाणे कपड्याच्या पट्टीवर डिझायनरचे नाव छापले जाते, त्याप्रमाणे कापड कुठे, कशाचे आणि कोणत्या मागावर विणले हेही तिथे लिहिले गेले पाहिजे, कारण त्या कपड्याची निम्म्याहून अधिक रचना विणकराने आधीच केलेली असते आणि हे श्रेय त्याला देणे हा डिझायनरच्या कामाचाच भाग आहे.