आधीं घरची समता

दारीं अन्नसत्र चालावें आणि माजघरांत सून उपाशी राहावी, याला आम्ही पुण्य म्हणत नाहीं. कंपन्यांच्या दानासही हाच न्याय लागू आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यास लावण्याचें बंधन घातलें. स्त्रीपुरुषसमतेचें कार्य त्यांत येतें; केवळ स्वतःच्या नोकरांवरील खर्च मात्र धरला जात नाहीं. हें योग्यच, घरच्यांस न्याय देणें हें दान नव्हे, कर्तव्य होय.

मीरा-भाईंदरमधील स्टीलच्या भांड्यांचे लहान कारखाने या बंधनाबाहेर असले, तरी २०१३ चाच दुसरा कायदा त्यांस सोडीत नाहीं. जेथें १० किंवा अधिक माणसें राबतात, तेथें स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीं समिति हवी; तिची अध्यक्षा स्त्री हवी, निदान निम्म्या सभासदही स्त्रिया हव्यात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं वसविलेल्या किर्लोस्करवाडींत, शिक्षा भोगून आलेल्यांसही काम दिलें. तें कोणत्या कायद्याच्या धाकानें नव्हे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या हातीं कारखान्याच्या किल्ल्या आहेत, त्यांनीं देणगीचा धनादेश लिहिण्यापूर्वीं आपला हजेरीपट एकदां उघडून पाहावा.