सेकंड जेनचा आय-फाइव्ह की थर्ड जेनचा आय-थ्री?

जुना प्रोसेसर हातात आला की आधी त्याच्या डोक्यावरची वाळलेली पेस्ट काढावी लागते. कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, हलक्या हाताने पुसायचं. राखाडी थराखालून कोरलेली अक्षरं वर येतात : मॉडेल, वेग, जुळणी मलेशियातली की कोस्टा रिकातली. राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात असे दोन प्रोसेसर टेबलावर शेजारी शेजारी होते. एक इंटेलचा आय-फाइव्ह २४००, दुसरा आय-थ्री ३२२०. जुनं मशीन घेणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा या दोघांपाशीच घोटाळतं. नाव मोठं बघायचं की पिढी नवी?

आय-फाइव्ह २४०० जानेवारी २०११ चा, दुकानाच्या बोलीत ‘सेकंड जेन’. चार कोर, ३.१ गिगाहर्ट्झचा वेग, गरज पडली तर ३.४ पर्यंत उडी, सहा एमबी कॅश. आय-थ्री ३२२० सप्टेंबर २०१२ चा, ‘थर्ड जेन’. कोर दोनच, वेग ३.३, उडीची सोय नाही, कॅश तीन एमबी. मात्र पहिला ३२ नॅनोमीटरच्या तंत्रावर घडलेला आणि दुसरा २२ च्या, शिवाय त्याचे कोरही निम्मे, म्हणून कागदावर एक ९५ वॉटचा तर दुसरा ५५ चा. नवे असताना इंटेलच्या यादीत पहिल्याची किंमत १८४ डॉलर आणि दुसऱ्याची ११७ डॉलर होती. जुन्या बाजारात हे अंतर खूपच आटलं आहे. आय-फाइव्ह २४०० हा मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतला प्रोसेसर. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७९० सारखी मशीनं तिथून लॉटने बाहेर पडली आणि माल मुबलक झाला.

तुलनेला ही जोडी सोयीची, कारण दोघांचं सॉकेट एकच, ११५५. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखा सगळं तेच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा. दुकानदाराने एच-६१ चिपसेटचं बोर्ड पुढे ओढलं आणि टॉर्च मारून आधी सॉकेट पाहिलं. या पिढीत पिना प्रोसेसरला नसून बोर्डात असतात. एखादी वाकली तर रॅमचा एखादा स्लॉट गायब होऊ शकतो आणि माणूस उगाच रॅमला दोष देत बसतो. पहिल्यांदा आय-फाइव्ह बसवला, कारण बोर्ड जुनं होतं. थर्ड जेन ओळखायला त्याला नवा बायॉस लागतो, आणि तो भरेपर्यंत आय-थ्री लावला तर पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो. अशा वेळी प्रोसेसर ‘डेड’ समजून परत आणणारे बरेच असतात, असं तो म्हणाला. बायॉस भरला, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली, पंख्याच्या चारही खुंट्या तिरक्या जोडीने दाबल्या. जुन्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तुटतात, म्हणून हात जपून चालत होता.

मग वेग मोजायला दोघांवर सिनेबेंच लावलं. सगळे कोर कामाला लावले की आय-फाइव्ह साधारण चाळीस टक्क्यांनी पुढे जातो. एकच कोर चालवला तर बरोबरी, उलट आय-थ्रीच केसभर पुढे. त्याची घडण एका पिढीने सुधारलेली आहे, तो हा फरक. आय-थ्री विंडोजला चार कोरचा भास देतो ते हायपर-थ्रेडिंगमुळे. गुऱ्हाळात एकाच गुळव्याने दोन काहिलींवर लक्ष ठेवावं तसं हे आहे. एक काहील उकळत असताना तो दुसरीकडे वळतो, पण दोन्ही एकदम उतरायला आल्या की हात दोनच. वीस-तीस टक्के जादा काम निघतं, दुप्पट निघत नाही.

आकडे वहीत उतरले, पण निकाल लागला तो गिऱ्हाइकांमुळे. गूळ बाजारातले एक अडते आय-थ्रीचंच मशीन घेऊन आले होते. टॅली उघडायला वेळ लागतो, म्हणून आय-फाइव्ह टाकून द्या, असा त्यांचा आग्रह. दुकानदाराने टास्क मॅनेजर उघडून दाखवला : प्रोसेसर निवांत, डिस्क शंभर टक्क्यांवर.

“शेठ, प्रोसेसर रिकामा बसलाय. हार्ड डिस्क दमलीय. एसएसडी टाका, हाच आय-थ्री पळतोय बघा.”

एच-६१ वर एसएसडी तिच्या पूर्ण वेगाने धावत नाही, कारण या चिपसेटचे साटा पोर्ट तीन गिगाबिटचे आहेत. तरीही फिरत्या तबकडीपुढे तो वेग भरपूर. टॅलीसारख्या हिशेबाच्या कामात बहुतेक भार एका कोरवर येतो, आणि तिथे आय-फाइव्ह काहीच जादा देत नाही.

दुसरं गिऱ्हाईक फ्लेक्स छापणारा तरुण. वाढदिवसाचा वीस बाय दहाचा फलक फोटोशॉपमध्ये, शेजारी कोरलड्रॉ, ब्राउझरमध्ये गाणी. त्याच्या फाइलवर मोठा ब्लर फिल्टर लावला तेव्हा आय-थ्रीचे चारही आलेख छताला टेकले आणि मागचा व्हिडिओ अडखळायला लागला. त्याचंही कारण आहे. यूट्यूब आता बहुतेक व्हिडिओ व्हीपी-९ किंवा एव्ही-१ मध्ये पाठवतं, आणि या दोन्ही प्रोसेसरांतल्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाहीत. तो बोजा कोरवरच पडतो. आय-फाइव्हवर तीच फाइल, तोच फिल्टर : काम लवकर उरकलं आणि गाणंही चालू राहिलं. “याला चार खरे कोर पाहिजेत भावा,” एवढं बोलून दुकानदाराने त्याचा डबा उघडला. रॅमही चारवरून आठ जीबी केली, नाहीतर कोर असूनही फोटोशॉप डिस्कवर रांगत बसलं असतं.

विजेचा मुद्दा हमखास निघतो. हिशेब करून पाहिला. दोघांत ४० वॉटचा फरक धरला, रोज आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस, तर ९६ युनिट होतात. पण हा फरक दोघेही दिवसभर पूर्ण भाराने राबले तरचा. ऑफिसचं मशीन बहुतेक वेळ वाट बघण्यात घालवतं, आणि रिकामे असताना दोघेही जवळपास सारखीच वीज खातात. बिलासाठी म्हणून आय-थ्री निवडण्यात अर्थ नाही. जुना, कमी ताकदीचा एसएमपीएस असेल तर मात्र आहे.

दोघांच्या किमतीला ग्रहण लागलंय ते वेगळ्याच कारणाने. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलच्या बाजूने आठव्या पिढीच्या खालचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत. म्हणजे २०१७ चा आय-थ्री ८१०० बसतो. त्यात आय-थ्रीलाही चार खरे कोर मिळाले होते. पण त्याला बोर्ड वेगळं आणि रॅम डीडीआर-४ ची. तिथे ‘नुसता प्रोसेसर बदला’ ही स्वस्ताई संपते.

म्हणून दुकानदाराचा सल्ला टप्प्यांत असतो. ११५५ चं बोर्ड घरात आहे आणि काम फोटो-व्हिडिओचं, तर आय-फाइव्ह २४०० घ्या. पिढी जुनी असली तरी तिथे कोरच कामाला येतात. नुसता हिशेब आणि टायपिंग असेल तर आहे तो आय-थ्री राहू द्या, पैसे एसएसडीत घाला. पण बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड ज्या मशीनवर टाकायचे, ते आज नव्याने विकत घेत असाल तर दोन्ही नकोत, थोडं थांबून आठव्या पिढीचं घ्या. तसं सांगून त्याने अडत्यांना आजच्यापुरती एसएसडी लावून दिली आणि पुढचं मशीन कधी घ्यायचं, त्याची तारीख त्यांच्याच कॅलेंडरवर लिहायला लावली.