‘टेन्शन’च्या पोटात काय आहे?

हिंगोली–वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावांत ‘झोप का लागत नाही?’ असे आम्ही विचारले, की एकच उत्तर येते : ‘टेन्शन आहे.’ पण या एका शब्दाच्या पोटात कुणाची कर्जाची काळजी असते, कुणाची सोयाबीनचा भाव पडल्याची चीड, कुणाची सावकार दारात आल्याची लाज, तर कुणाचे गेलेल्या माणसाचे दुःख.

दुखणे वेगळे, तसा उतारा वेगळा. काळजी असेल तर देणे-घेणे कागदावर मांडा. राग आला तर आधी सावकाश श्वास सोडा, मग बोला. लाज झाकल्याने वाढते. भरवशाच्या एका माणसाला सांगा. दुःखाला सोबत लागते.

आपली व दुसऱ्याची भावना ओळखणे, समजून घेणे आणि सांभाळणे, याला पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्ता म्हटले. ती शिकता येते. लेकराला ‘रडू नको’ म्हणण्याऐवजी ‘भीती वाटली का?’ विचारा; शिक्षण तिथूनच सुरू होते.

याने कर्ज फिटत नाही, मजुरी वाढत नाही. त्यासाठी संघटितच व्हावे लागेल. पण मन थाऱ्यावर असले तर पुढची वाट सुचते.

दोन आठवडे झोप-भूक गेली असेल तर आशाताईंना सांगा, जिल्हा रुग्णालयात दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका. शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतून. हा क्रमांक आजच घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.