एक जिल्हा, तीन खासदार
आपले मतदारसंघ : लेखांक पाचवा

उमरखेडच्या माणसाला त्याचा खासदार विचारा, तो हिंगोलीचं नाव सांगेल. वणी आणि आर्णीचे लोक चंद्रपूरकडे बोट दाखवतील. राळेगाव, यवतमाळ, दिग्रस आणि पुसद एवढेच यवतमाळ-वाशीममध्ये. जिल्हाधिकारी एक, जिल्हा परिषद एक, कापसाच्या भावाची काळजीही एकच. दिल्लीच्या वाटा मात्र तीन.

ही विभागणी २००८च्या पुनर्रचनेची. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि ४८ खासदार, म्हणजे एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा. यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला सात आल्या. सातातली एक बाहेर जाणार हे गणितातच होतं, पण गेल्या तीन. जागा भरायला वाशीम आणि कारंजा या दोन विधानसभा जोडल्या. लोकसंख्या सारखी वाटायची तर जिल्ह्याची हद्द मोडावी लागते, हे मला मान्य आहे. पण आर्णीच्या शेतकऱ्याने जवळचं यवतमाळ सोडून वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूरच्या खासदाराकडे गाऱ्हाणं न्यावं, हे मला पटत नाही. उमरखेड तर विदर्भातलं असून मराठवाड्याच्या मतदारसंघात बसवलं गेलं.

त्याआधी यवतमाळ आणि वाशीम हे दोन स्वतंत्र मतदारसंघ होते, दोन्ही दीर्घकाळ काँग्रेसचे. यवतमाळमधून उत्तमराव पाटील १९८० ते १९९१ या काळात सलग चार वेळा जिंकले. १९९६ मध्ये तिथे भाजपचे राजाभाऊ ठाकरे आले. २००४ मध्ये पुन्हा भाजपचेच हरिभाऊ राठोड.

वाशीमची कहाणी अधिक रंगतदार. पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्रिपदाच्या अकरा वर्षांनंतर १९७७ मध्ये इथून लोकसभेत गेले. त्यांच्यानंतर १९८० आणि १९८४ मध्ये याच मतदारांनी जम्मूच्या गुलाम नबी आझादांना निवडून दिलं. बाहेरचा उमेदवार म्हणून नाक मुरडलं नाही. पक्षावरचा विश्वास तेवढा पक्का होता. तो सैल झाला तो नव्वदीच्या दशकात. १९९६ मध्ये शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी जिंकले. १९९८ मध्ये सुधाकरराव नाईकांनी जागा परत घेतली, आणि पुढच्याच वर्षी पुंडलिकरावांची कन्या भावना गवळी निवडून आल्या. वाशीममधून दोनदा, नव्या मतदारसंघातून तीनदा, अशा सलग पाच विजयांनंतर २०२४ मध्ये त्यांना उमेदवारीच मिळाली नाही. शिंदे यांच्या शिवसेनेने राजश्री पाटील यांना उभं केलं. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे संजय देशमुख ९४ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. दोन्हीकडे शिवसेनाच होती, म्हणून गावोगावच्या जुन्या कार्यकर्त्यांना आपल्याच माणसांसमोर उभं राहावं लागलं.

त्याच निवडणुकीत वणी आणि आर्णीने १९ एप्रिलला मतदान केलं, बाकी जिल्ह्याने २६ला. २०१९ मध्ये उलट झालं होतं: ११ एप्रिलला सगळा जिल्हा मतदान करत असताना उमरखेड मात्र आणखी आठवडाभर, १८ तारखेपर्यंत, थांबलं होतं. एकाच जिल्ह्यात एकीकडे बोटाला शाई लागलेली आणि दुसरीकडे प्रचाराचे भोंगे चालू.

पुढच्या आठवड्यात पैनगंगा ओलांडून हिंगोलीत जाऊ. तिथे २०१४चा निकाल अवघ्या १,६३२ मतांनी लागला होता.