इंटरनेटचा पाट गावात आणताना

मंडळी, गावात इंटरनेट पुरवण्याचा व्यवसाय काढायचा, तर यंत्रे कोणती घ्यावीत? नुसती किंमत पाहू नका. पाटाच्या पाण्यासारखा हिशेब करा: पाणी किती, वाटेकरी किती, वाटेत अडचणी किती?

तांब्याच्या तारेने जोडणी केली, तर साधारण दर १०० मीटरला एक स्विच लागतो आणि त्याला वीजपुरवठा लागतो. तो गेला की पुढची आळी बंद! ‘जीपॉन’ पद्धतीत काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, २० किलोमीटरपर्यंत. वाटेतला स्प्लिटर विजेवाचूनच त्याचे ३२ किंवा ६४ वाटे करतो. वीज लागते ती दोन टोकांना: तुमच्या केंद्रात आणि गिऱ्हाइकाच्या घरी. बॅटरीची सोयही तेवढीच.

मात्र वाटणी बेताने करा. केंद्रातल्या ओएलटी यंत्राच्या एका पोर्टची क्षमता सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट. सगळे एकदम बसले, तर ६४ घरांत प्रत्येकाला फार तर ३९ मेगाबिट. ३२ घरांत ७८. शिवाय दर दुभागणीला प्रकाश निम्मा होतो. तो शेवटच्या घरी पुरला पाहिजे.

आणि ओएलटीचा जादा पॉवर सप्लाय जवळ ठेवाच. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख शहरातून सुटा भाग येईपर्यंत थांबत नाही.