जुनी डिझेल पिकअप घेताना : आधी कागद, मग इंजिन, रंग शेवटी

धंदा थोडा वाढला की आपल्या व्यापारी बंधूंच्या आणि कारागिरांच्या मनात पहिला विचार येतो तो स्वतःच्या गाडीचा. फळांचा घाऊक व्यापार असो, फर्निचरचा कारखाना असो, वेल्डिंगचे दुकान असो की भंगाराचा धंदा असो, दर वेळी टेम्पोवाल्याच्या सवडीवर माल अडकून राहतो. नवी गाडी रोखीने घेण्याइतकी रक्कम हाताशी नसते आणि व्याजाच्या कर्जात पडण्याची अनेकांची तयारी नसते. मग आठ-दहा वर्षे जुनी डिझेल पिकअप घेणे हाच मार्ग उरतो. हा मार्ग वाईट नाही. मात्र डोळे उघडे ठेवून चालले नाही, तर वर्षांची पुंजी एका व्यवहारात जाते.

आमच्या ओळखीच्या एका फर्निचर कारागिराचे असेच झाले. गाडी नुकतीच रंगवलेली होती, टायर चकचकीत होते आणि भाव बाजारापेक्षा कमी होता. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला, पैसे दिले आणि गाडी घरी आली. चौथ्या महिन्यात चार कपाटे भरून ती गिऱ्हाइकाकडे निघाली असताना कर्ज देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी रस्त्यात अडवली. मूळ मालकाचे हप्ते थकले होते आणि आर.सी. बुकात कर्जाचा बोजा तसाच होता. गाडी गेली. कपाटे उतरवून घ्यायलासुद्धा विनवण्या कराव्या लागल्या. त्या गाडीचे इंजिन उत्तम होते. फसवणूक कागदात होती.

म्हणून आमचे सांगणे असे, की कागद आधी पाहावेत, इंजिन नंतर पाहावे आणि रंगाकडे शेवटी लक्ष द्यावे. बहुतेक लोक नेमके उलट करतात.

गाडी हवीच का?

सर्वांत आधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. समजा, भाड्याच्या टेम्पोला एका फेरीचे 1,200 रुपये द्यावे लागतात, फेरी 60 किलोमीटरची आहे आणि महिन्यात 12 फेऱ्या होतात. म्हणजे भाडे 14,400 रुपये झाले. स्वतःची गाडी लिटरला 12 किलोमीटर चालली आणि डिझेल 90 रुपये लिटर धरले, तर 720 किलोमीटरला 5,400 रुपयांचे डिझेल लागेल. विमा, कर, फिटनेस यांसाठी महिन्याला 3,000 आणि टायर-दुरुस्तीसाठी 3,000 बाजूला ठेवावे. एकूण खर्च 11,400 झाला. बचत झाली ती फक्त 3,000 रुपयांची, तीही गाडी स्वतः चालवली तर! तीन लाखांची गाडी यातून वसूल व्हायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. अशा माणसाने भाड्याचा टेम्पोच वापरावा.

आता महिन्यात 25 फेऱ्या धरा. भाडे 30,000 होते. डिझेल 11,250, विमा-कर-फिटनेस 3,000 आणि दुरुस्ती-टायर 5,000 मिळून खर्च 19,250 येतो. महिन्याला 10,750 रुपये वाचतात. तीन लाखांची गाडी आणि वर सुरुवातीच्या कामाचे 40,000 हे सुमारे पावणेतीन वर्षांत निघून येतात. आकडे प्रत्येकाने आपल्या धंद्याचे घालावेत, पण हिशेब केल्याशिवाय गाडी पाहायला जाऊ नये.

कागदांची तपासणी

गाडीचा नंबर मिळाला की घरबसल्या परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर माहिती पाहता येते. मालक कोण, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे, कर्जाचा बोजा आहे का, ई-चलान थकले आहे का, हे तेथे कळते. त्यानंतर मूळ कागद हातात घेऊन पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, आर.सी.वरील चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी जुळतात का? नंबराची जागा घासलेली किंवा तेथे वेल्डिंग केलेले दिसले, तर तेथूनच परत फिरावे.

दोन, बोजा असेल तर फॉर्म 35 आणि कर्ज देणाऱ्याचे ना-देय पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

तीन, फिटनेस. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावी लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला पर्यावरण करही आहे. 15 वर्षांवरील गाडीला फिटनेसची फी फार वाढते. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी पुढच्या दोन वर्षांचा खर्च तिच्या किमतीत मिळवूनच पाहावे.

चार, परमिट. ज्या मालवाहू गाडीचे एकूण भारित वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नाही, तिला मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. टाटा एससारखी लहान गाडी यात बसते. मोठ्या पिकअपचे वजन मॉडेलप्रमाणे बदलते, ते आर.सी.वर वाचून घ्यावे.

पाच, गाडी परराज्यातील असेल तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र, येथील नवी नोंदणी आणि येथील कर यांचा खर्च आधी विचारून घ्यावा. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. भाव कमी दिसण्याचे कारण पुष्कळदा असे असते.

व्यवहार झाल्यावर फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी ताबडतोब आपल्या नावावर करावी. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. केवळ नोटरीचा करार म्हणजे मालकी नव्हे. विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. गाडी पुढे विकली गेली असली तरी नोंद ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिला आहे. विमासुद्धा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज द्यावा. तसे न केल्यास आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. विमा संपलेल्या गाडीने माणूस जखमी झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. असे प्रकरण घरदार विकायला लावू शकते.

इंजिन थंड असताना पाहावे

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन सुरू करू नका असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला तर काहीतरी लपवले जात आहे असे समजावे. डिझेल इंजिनाची खरी परीक्षा थंड असताना चालू होण्यात आहे. बॅटरी चांगली असूनही फार वेळ सेल्फ मारावा लागला, तर कॉम्प्रेशन, नोजल किंवा पंप यांपैकी कशात तरी दोष आहे.

नंतर धूर पाहावा. सुरू करताना थोडा धूर निघणे स्वाभाविक आहे. पण गरम झाल्यावरही काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर तुंबलेला असतो किंवा नोजल-पंपाचे काम निघालेले असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे आणि रिंग-पिस्टनचा किंवा टर्बोचा खर्च पुढे आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर डिझेल अर्धवट जळत असते किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असते.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. भकभक वाफ बाहेर येत असेल तर उस्ताद लोक ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते हेच. इंजिन खोलण्याची वेळ जवळ आली आहे. डिपस्टिकवरील ऑइल काळे असेल तर घाबरू नये, डिझेल इंजिनात ते लवकरच काळे होते. मात्र ते दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तीच शंका घ्यावी.

खालचा सांगाडा आणि भरलेली गाडी

पिकअपचे आयुष्य चेसिसवर अवलंबून असते. गाडीखाली बॅटरी घेऊन शिरावे. चेसिसला तडा, वेल्डिंगचा जोड किंवा मागून लावलेली पट्टी आहे का, ते पाहावे. कोकणातील खाऱ्या हवेत राहिलेली किंवा मासळी वाहणारी गाडी असेल तर गंज विशेष पाहावा. पाट्यांमध्ये कंपनीपेक्षा जास्त पाने घातलेली असतील तर गाडीने जन्मभर जादा माल ओढला आहे असे समजावे. पुढचे चाक जॅकवर उचलून हलवून पाहावे. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा किंगपिन-बॉलजॉइंटचे काम निघते. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर कारण विचारावे.

रिकामी गाडी कोणीही चालवून दाखवील. आपण पाच-सहाशे किलो माल भरून चढावर नेण्याचा आग्रह धरावा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट गेली आहे. उतारावर गिअर आपोआप निसटतो का, ब्रेक एका बाजूला ओढतो का, मागून घुर्रघुर्र आवाज येतो का, हे पाहावे. आपल्या ओळखीच्या उस्तादाला बरोबर न्यावे आणि त्याचा दिवस भरून द्यावा. त्याच्या दिवसभराच्या मजुरीत आपले तीन लाख सुरक्षित राहतात.

जुना पंप की कॉमन रेल?

1 एप्रिल 2017 पासून देशभर बी.एस. 4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बी.एस. 6 मानके लागू झाली. मुंबई-पुण्यासारख्या काही शहरांत बी.एस. 4 त्याआधी 2010 मध्येच आले होते. त्यापूर्वीच्या टाटा 207 डी.आय. किंवा 2,523 सी.सी.च्या डी.आय. इंजिनाच्या बोलेरो पिकअप यांसारख्या गाड्यांत साधा यांत्रिक पंप असे. तालुक्याच्या गावचा फिटरही त्या दुरुस्त करतो. नंतरच्या कॉमन रेल गाड्या ताकदीला चांगल्या आहेत, पण त्यांचे इंजेक्टर आणि सेन्सर महाग असतात आणि तपासणीला संगणक लागतो. बी.एस. 6 गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी नेहमी गावातल्या गावात थोडीथोडी चालली तर तो तुंबतो. म्हणून जवळ कोणते गॅरेज आहे आणि आपल्या फेऱ्या किती लांबीच्या आहेत, हे पाहून निवड करावी.

घेतल्यानंतर

सगळी पुंजी गाडीच्या किमतीत घालू नये. किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या तीन महिन्यांच्या कामासाठी राखून ठेवावी. घेतल्याबरोबर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि पट्टे बदलावेत. गिअर आणि डिफरन्शियलचे ऑइल पाहावे, ब्रेक लायनर उघडून पाहावेत. आधीच्या मालकाच्या 'परवाच बदलले' या शब्दावर जाऊ नये.

पुढे रोजची सवय ठेवावी. सकाळी ऑइल, पाणी आणि टायरची हवा पाहावी. डिझेल फिल्टरखालचे पाणी वेळोवेळी काढावे. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, कारण लाइनमध्ये हवा शिरली की गाडी रस्त्यातच उभी राहते. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी घालू नये. त्याने आत खर जमते आणि भर उन्हात चढावर इंजिन तापते. काटा वर गेल्याचे दिसताच गाडी थांबवावी. दहा मिनिटांची ती घाई पूर्ण हेडचे काम काढते. टर्बो असेल तर लांबच्या फेरीनंतर मिनिटभर इंजिन चालू ठेवूनच बंद करावे. ग्रीसिंग टाळू नये. ऑइल बदलण्याची मुदत कंपनीच्या पुस्तिकेतून घ्यावी आणि धुळीच्या रस्त्यावर चालणारी जुनी गाडी असेल तर त्याआधीच बदलावे. जादा माल भरू नये. एका फेरीत वाचलेले भाडे पाटे, टायर आणि क्लचमधून दुपटीने निघून जाते.

चालकाच्या परवान्याविषयी एक गोष्ट. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2024 च्या निकालात स्पष्ट केले आहे. पण परवान्याची मुदत तपासत राहावी. तसेच 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे.

शेवटी एक वही घालावी. तारीख, किलोमीटर, डिझेल, काय बदलले आणि किती दिले, हे त्यात लिहावे. गाडी कामाच्या दिवशी उभी राहिली तर तेही लिहावे, कारण जुन्या गाडीचा सर्वांत मोठा खर्च उभ्या दिवसांचा असतो. डिझेल अचानक जास्त लागू लागले किंवा एकच काम वर्षात तिसऱ्यांदा निघाले, तर वही ते आपल्याला सांगते. उद्या गाडी विकायची झाली तर तीच वही घेणाऱ्यापुढे ठेवावी आणि दोष असेल तो तोंडाने सांगावा. आपण घेताना ज्या खरेपणाची अपेक्षा केली, तो विकताना आपल्याकडूनही मिळाला पाहिजे. चार पैसे कमी आले तरी नाव टिकते, आणि बाजारात पुढची गाडी, पुढचा माल आणि पुढची उधारी नावावरच मिळते.