दामाजीचे कोठार आणि काळी माती

दुष्काळात सरकारी कोठार रयतेसाठी खुले करणाऱ्या दामाजीपंतांचे मंगळवेढे महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु त्याहून मोठे एक कोठार तेथील शिवारात निसर्गाने भरून ठेवले आहे, आणि त्याच्या जमाखर्चाकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही. ते कोठार म्हणजे तेथील खोल काळी माती होय.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालारसापासून दख्खनचा काळा पाषाण बनला. त्याची झीज होऊन ही माती झाली. तिच्यातील चिकण अंश पाण्याने फुगतो व उन्हाने आकसतो. म्हणून उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्यांतून खोलवर मुरतो. या साठवलेल्या ओलीवरच मालदांडी ज्वारी थंडीचे महिने काढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते या मातीचेच प्रशस्तिपत्र मानावयास हवे.

भीमेवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि सोलापूर जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढले. पाणी मागणे हा अपराध नव्हे. तालुक्याच्या दक्षिण भागातील गावांची तहान खरी आहे. तथापि काळ्या मातीतून पाण्याचा निचरा मंद होतो. निचऱ्याची सोय न करता पाटाचे पाणी देत राहिले, तर खालचे क्षार ओलीबरोबर वर चढतात; पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड जमिनींनी हा धडा फार महागात शिकविला आहे.

दुसरा प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा. पुणे व पिंपरी-चिंचवड या नगरांचे सांडपाणी मुळा-मुठेवाटे भीमेत व तेथून उजनीत उतरते. त्यातील नत्र व स्फुरद यांवर शेवाळ माजते, आणि ते कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू सरून मासे गुदमरतात. वरच्यांनी सांडावे आणि खालच्यांनी प्यावे, हा न्याय कोणता?

आमचे म्हणणे थोडके आहे. नगरांनी आपले सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये. कालव्याचे पाणी जेथे जाईल तेथे निचऱ्याचे चरही त्याबरोबरच जावेत. पाणी मोजून द्यावे, मातीची परीक्षा नेमाने व्हावी, आणि ज्वारी पिकविणाऱ्यास असा भाव मिळावा की कोरडवाहू पीक घेणे त्याला तोट्याचे वाटू नये. यातील शेवटची गोष्ट झाली नाही, तर शेतकऱ्याला माती जपण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांना उरत नाही. रिते झालेले धान्याचे कोठार एका चांगल्या हंगामात पुन्हा भरता येते. बिघडलेली जमीन सुधारण्यास मात्र वर्षानुवर्षे लागतात.